घाटकोपरच्या काट्यावर आपला कापूस

मुंबईच्या मध्य रेल्वेवर कुर्ल्यानंतर विद्याविहार लागते आणि त्यापुढचे स्टेशन घाटकोपर. बोरीबंदरापासून, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, हे अंतर सुमारे १९ किलोमीटर भरते. आपल्याकडची मंडळी मुंबईस जातात ती राणीचा बाग, गेटवे, महालक्ष्मी, सिद्धिविनायक पाहून परततात. घाटकोपर मुद्दाम पाहायला कोणी जात नाही. पण कापूस पिकवणाऱ्या कुटुंबाने एकदा तरी पाहावी अशी एक जागा या घाटकोपरात आहे. स्टेशनच्या पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गावर बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन ही संस्था आहे. बीटीआरए या आद्याक्षरांनीच ती ओळखली जाते. तिची स्थापना १९५४ सालची. तंतू, सूत आणि कापड यांची मोजणी व तपासणी हे तिचे काम. आपल्या वावरातून निघालेल्या कापसाचे पुढे काय होते, त्याला कोणत्या मापाने मापतात आणि त्या मापाचा आपल्या पट्टीवर कसा परिणाम होतो, हे समजून घेण्यासाठी गेल्या हिवाळ्यात माझ्या कार्यक्षेत्रातील दोन कापूस उत्पादकांसह मी या भागात गेलो होतो. एक साठी ओलांडलेले काका, दुसरा त्यांचा पुतण्या.

मुक्काम अंधेरीला नातेवाइकांकडे होता. अंधेरीहून घाटकोपरला जायचे तर पूर्वी मरोळ, साकीनाका असे बसने रखडत जावे लागे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली आणि हा प्रवास थोड्या मिनिटांवर आला. सकाळच्या गर्दीत उभे राहायलाही जागा नव्हती. काका खांबाला धरून सभोवार पाहत होते. म्हणाले, "साहेब, एवढी माणसं, अन् प्रत्येकाच्या अंगावर कापूस." त्यांचे म्हणणे सर्वस्वी खरे नव्हे, कारण निम्म्याअधिक कपड्यांत पॉलिएस्टरची भेसळ असते. पण दृष्टी बरोबर होती. जीनच्या विजारीचे सूत साधारण ७ ते १० नंबरचे, टी-शर्टचे ३० नंबरच्या आसपासचे, चांगल्या सदऱ्याचे ४० ते ६० नंबरचे, आणि तलम धोतराचे त्याहूनही वरचे. हा नंबर काय असतो ते पुढे येईलच.

रस्ता, रूळ आणि गिरण्या

घाटकोपरचा लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. शीवहून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड करीत तो ठाण्याला जातो. आणि हाच जुना मार्ग पुढे नाशिक-धुळ्यावरून आग्र्याकडे जातो. या रस्त्याच्या दुतर्फा एके काळी कारखानेच कारखाने होते. आज त्या जागी उंच इमारती, मॉल आणि कचेऱ्या दिसतात. शेजारून धावणारे रूळ त्याहून जुने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी येथूनच गेली. पुढे १८६७ साली हा लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस याच रुळांवरून, याच घाटकोपरवरून मुंबई बंदराकडे येऊ लागला.

शेजारच्या कुर्ल्यात जमशेटजी टाटांनी १८८६ साली एक डबघाईला आलेली गिरणी विकत घेऊन तिला 'स्वदेशी' नाव दिले. तलम सूत आपल्या देशातही निघू शकते हे त्यांना दाखवायचे होते. ती गिरणी आज बंद आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्याचे पुढारी डॉ. दत्ता सामंत याच घाटकोपरात दवाखाना चालवीत. त्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक थंड झाल्या. सूतकताई कोइंबतूर, गुजरात, आणि आपल्याकडच्या सहकारी व खाजगी सूतगिरण्यांकडे गेली. मुंबईत भोंगे राहिले नाहीत. मात्र मोजण्याची विद्या येथे राहिली. ती विद्या आपल्या कामाची आहे.

किलोला किती लिंबे?

सूत इतके बारीक असते की त्याची जाडी पट्टीने मोजता येत नाही. म्हणून ती वजनावरून काढतात. बाजारात आपण विचारतो, "किलोला लिंबे किती बसतील?" लिंबू जितके लहान तितकी किलोला जास्त बसतात. सुताचेही तसेच आहे. ८४० वारांची एक लड धरतात आणि एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम वजनात अशा किती लडी बसतात ते पाहतात. ४० लडी बसल्या तर ते सूत ४० नंबरचे. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक.

आता हिशेब करा. ४० लडी गुणिले ८४० वार म्हणजे ३३,६०० वार, म्हणजेच सुमारे ३०.७ किलोमीटर. अर्धा किलोला थोडे कमी असलेले हे सूत बोरीबंदराला एक टोक बांधून रुळाच्या कडेने सोडत गेले, तर दादर, कुर्ला, घाटकोपर मागे टाकून मुलुंडच्या जवळपास पोहोचेल. ठाणे तेवढे राहील.

प्रयोगशाळेत अर्थातच पौंडभर सूत उलगडत बसत नाहीत. दीड वार घेराच्या एका फिरत्या चौकटीवर सुताचे ८० फेरे घेतात. ते झाले १२० वार. या छोट्या लडीला 'ली' म्हणतात. ती नाजूक काट्यावर तोलतात आणि ६४.८ या आकड्याला तिच्या ग्रॅममधील वजनाने भागतात. वजन १.६२ ग्रॅम भरले तर भागाकार ४० येतो. झाला नंबर. मग तीच ली यंत्राच्या दोन आकड्यांत अडकवून तुटेपर्यंत ताणतात. ती समजा ६० पौंडांच्या ताणाला तुटली, तर ६० गुणिले ४० म्हणजे २,४०० हा त्या सुताच्या मजबुतीचा गुणाकार झाला. जाड सूत साहजिकच जास्त ताण सोसते. नंबराने गुणल्यामुळे जाड आणि बारीक सुताची तुलना एका पातळीवर येते.

दुसरी एक पद्धत 'टेक्स' नावाची आहे. तिच्यात १,००० मीटर सुताचे वजन किती ग्रॅम, एवढेच पाहतात. ५९०.५ ला नंबराने भागले की टेक्स येतो. ४० नंबरचे सूत सुमारे १४.८ टेक्सचे असते.

एका धाग्यात किती तंतू?

सुतावरून रुईकडे येऊ. कापसाचा एकेक तंतू किती जाड आहे हेही वजनावरूनच सांगतात. त्या आकड्याला 'मायक्रोनेअर' म्हणतात. मायक्रोनेअर ४ म्हणजे एक इंच तंतूचे वजन एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या चौपट. कल्पना येण्यासाठी असे धरा, की अशा एक किलो रुईचे सर्व तंतू टोकाला टोक जोडून मांडले तर ६,३५० किलोमीटर लांबी होईल. नागपूर-मुंबई रेल्वेच्या साडेसात खेपा!

एकेक तंतू तोलणे शक्य नाही, म्हणून युक्ती केली आहे. ठरावीक वजनाची रुई एका लहान नळकांड्यात दाबतात आणि तिच्यातून हवा सोडतात. तंतू बारीक असतील तर ते संख्येने जास्त असतात, हवेला अडथळा जास्त होतो आणि आकडा खाली येतो. तंतू जाडेभरडे असतील तर हवा सहज पार होते आणि आकडा वर जातो.

याचा सुताशी संबंध असा. १५,००० या आकड्याला सुताचा नंबर आणि मायक्रोनेअर यांच्या गुणाकाराने भागले, की धाग्याच्या आडव्या छेदात अंदाजे किती तंतू येतात ते कळते. ४० नंबरचे सूत आणि मायक्रोनेअर ४ असेल तर सुमारे ९४ तंतू. मायक्रोनेअर ५ असेल तर अवघे ७५. दोरखंडात पदर कमी पडले की तो कमजोर होतो, तसेच येथे होते. म्हणून बारीक सूत काढणारी गिरणी जाडाभरडा कापूस घेत नाही.

पण मायक्रोनेअर जितका खाली तितके चांगले, असेही समजू नये. आकडा फार खाली गेला तर तंतू जातीनेच बारीक आहे की पोटात न भरल्यामुळे पोकळ राहिला आहे, ही शंका येते. बोंड भरताना पाण्याचा ताण पडला, पाने लाल होऊन झाड लवकर थकले, गुलाबी बोंडअळीने बोंड पोखरले, किंवा फरदड घेऊन शेवटची कवडी वेचली, तर तंतू अपक्व राहतो. असा तंतू सूत कातताना गुंता होऊन बारीक गुठळ्या करतो आणि रंगाच्या कढईत पुरेसा रंग घेत नाही. कापडावर पांढुरके ठिपके उठतात. गिरणीवाल्याच्या तोंडचा 'कच्चा माल' हा शब्द आपल्या शेतात अशा रीतीने जन्म घेतो.

लांब तंतू, कमी पीळ

लांबीचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहे; त्यामागचा हिशेब मात्र थोड्यांना ठाऊक असतो. तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून सुताला पीळ देतात. एका इंचात किती पीळ द्यायचे, तर सुताच्या नंबराचे वर्गमूळ घेऊन त्याला ठरावीक गुणकाने गुणतात. ३६ नंबरच्या सुताचे वर्गमूळ ६. तंतू लांब असेल आणि गुणक ४ पुरत असेल, तर इंचाला २४ पीळ. तंतू आखूड असेल आणि गुणक साडेचार लागत असेल, तर २७ पीळ.

आता चाती मिनिटाला १८,००० फेरे घेते असे धरा. २४ पिळांनी मिनिटाला ७५० इंच सूत निघेल. २७ पिळांनी ६६७ इंच. म्हणजे तीच चाती, तोच मजूर, आणि विजेचे बिलही जवळपास तेच असताना सूत मात्र ११ टक्के कमी. लांब धाग्याच्या कापसाला वरचा दर मिळतो त्याचे हे एक मोठे कारण आहे. सरकारच्या २०२५-२६ च्या हमीभावात मध्यम धाग्याला क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये, असा ४०० रुपयांचा फरक आहे. मध्यम म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर ४.३ ते ५.१, लांब म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर ३.५ ते ४.३. हमीभावाचे दोन आकडे सर्वांना पाठ असतात. त्यांच्याशी बांधलेली लांबी आणि मायक्रोनेअर विचारणारे थोडे.

पाण्याचे वजन

या तपासणीच्या खोल्यांत हवा ठरावीक ठेवावी लागते. आपल्या देशात तापमान २७ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के धरतात. नमुना काही तास त्या हवेत मुरवून मगच मोजतात. कारण उघड आहे. अकोल्याच्या कोरड्या हवेतील रुई मुंबईच्या दमट हवेत आली की पाणी ओढून घेते आणि वजनाला भरते. म्हणून व्यापारात असे ठरले आहे, की १०० किलो पूर्ण सुक्या रुईला साडेआठ किलो पाणी रास्त समजावे. १०८.५ किलोत ८.५ किलो म्हणजे सुमारे ७.८ टक्के.

खरेदी केंद्रावर सरकीसह कापसाचा ओलावा पाहतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण दर, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याहून जास्त असेल तर माल परत. हा आकडा वरच्या रास्त आकड्याच्या अगदी जवळ आहे. १२ टक्के ओलाव्याच्या १०० किलो कापसात सुका माल ८८ किलो. तोच माल ८ टक्क्यांवर आणला तर ९५ किलो ६५० ग्रॅम भरेल. म्हणजे साडेचार किलोच्या आत-बाहेर नुसते पाणी. रात्री कापसावर पाणी शिंपडणाऱ्याने हे लक्षात घ्यावे, की मीटर ते दाखवतोच. शिवाय ओल्या गंजीत रुई पिवळी पडते ते वेगळेच.

याची दुसरी बाजू क्वचितच कोणी सांगतो. खडखडीत वाळलेला, ६ टक्के ओलाव्याचा कापूस विकणारा शेतकरी १०० किलोमागे ८ टक्क्यांच्या हिशेबाने १०२ किलो १७० ग्रॅमचा माल देत असतो. वरचे दोन किलो फुकट जातात. म्हणून ओलावा जास्त निघाला की कपात करणाऱ्यास, कमी निघाला तर काय देता, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

चिमूटभर रुई

मायक्रोनेअरच्या जुन्या यंत्राला ५० ग्रेन, म्हणजे ३.२४ ग्रॅम रुई लागे. आपली गाठ १७० किलोची. म्हणजे बावन्न हजार भागांतला एक भाग. हे ऐकून काकांनी विचारले, "साहेब, एवढ्याशा चिमटीवरून माझ्या सगळ्या वावराचा भाव ठरायचा, हा न्याय आहे का?"

मी म्हटले, "काका, माती तपासायला आपण किती नेतो? अर्धा किलो. त्यावरून एकरभर जमिनीचे खत ठरवतो की नाही?"

"पण साहेब, माती आपण दहा ठिकाणची घेतो."

काकांनी नेमके तेच सांगितले. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणची माती घ्यायची, कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. मातीचा हा नियम रुईलाही लागू आहे. नमुना वरच्या थरातून एक मूठ उचलून घेतला तर तो वरच्या मुठीपुरताच खरा. आणि आपणच पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस आणि शेवटची कवडी एका खोलीत ओतली असेल, तर कोणती चिमूट हाती लागेल हे नशिबावर सोडल्यासारखे झाले. वेचणीनिहाय कापूस वेगळा ठेवा, असे आम्ही विस्तार खात्याची माणसे वर्षानुवर्षे सांगत आलो, त्याचा अर्थ पुतण्याला तेथे उमगला. तो म्हणाला, "म्हणजे गंजी एक असली तरी आकडा एक नसतो." मला यापेक्षा सोपे सांगता आले नसते.

घाटकोपरहून मुंबईच्या बाजूला चौथे स्टेशन माटुंगा. शहराच्या हद्दीत का होईना, पण याच विषयाची शेतकऱ्यांच्या बाजूची संस्था तेथे आहे. १९२४ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने ती प्रयोगशाळा म्हणून उभारली. १९६६ पासून ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आहे आणि १९९१ पासून केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे 'सिरकॉट', या नावाने चालते. कृषी संशोधकाने काढलेले नवे वाण एकरी किती पिकते एवढेच पाहून भागत नाही. त्याचे सूत कसे निघते तेही पाहावे लागते, या विचारातून ती निघाली. तिचे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरला आहे.

घरी काय करता येईल?

पहिले, लांबी घरी मोजता येते. एक सरकी तंतूसह घ्या. बारीक कंगव्याने दोन्ही बाजूंचे तंतू हलक्या हाताने विंचरून फुलपाखराच्या पंखांसारखे पसरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीने मोजा आणि निम्मे करा. शेताच्या वेगवेगळ्या भागांतील वीस-पंचवीस सरक्यांची सरासरी काढली की वाणाचा अंदाज येतो. शाळेत जाणारी मुले हे काम हौसेने करतात. यंत्राचा आकडा याहून निराळा येईल, पण दोन वाणांची किंवा दोन वेचण्यांची तुलना करायला ही रीत पुरेशी आहे.

दुसरे, वेचणी. दव उतरल्यावर वेचावे, पाला चिकटू देऊ नये, आणि ओटी व गाठोडी सुती कापडाचीच ठेवावी. खताच्या प्लास्टिक पोत्यात कापूस भरला की पोत्याचे धागे त्यात मिसळतात. ते जिनिंगमध्ये निघत नाहीत, सुतात जातात आणि रंग मुळीच घेत नाहीत. असे दोन-चार धागे अख्खा तागा खराब करतात. ही काळजी घेणाऱ्या बहुतेक घरच्या आणि मजुरीच्या बायाबापड्या असतात. किलोवर मजुरी देताना स्वच्छ वेचणीला दोन पैसे जास्त दिले, तर ते वाया जात नाहीत.

तिसरे, रिपोर्ट. एकट्याने हे जमत नाही. पण गटाने किंवा शेतकरी कंपनीने कापूस एकत्र करून, सारखा माल वेगळा काढून, स्वतः जिनिंग करून गाठी बांधल्या, तर नमुना तपासून घेता येतो. सिरकॉट आणि बीटीआरए येथे शुल्क भरून तपासणी होते. रिपोर्टात लांबी, तंतूची सारखेपणाची टक्केवारी, मायक्रोनेअर, मजबुती, रंग आणि कचरा हे आकडे पाहावेत. दोन रिपोर्टांची तुलना करताना एक पथ्य पाळावे. मजबुती मोजण्याच्या दोन पद्धती प्रचारात आहेत आणि एकाच रुईचा आकडा एका पद्धतीत २१ तर दुसरीत २८च्या घरात येऊ शकतो. पद्धत एक असल्याशिवाय तुलना करू नये.

परतीच्या गाडीत पुतण्याने वहीत सारे हिशेब उतरवून घेतले होते. गिरणीवाला, दलाल, निर्यातदार हे सर्व याच आकड्यांवर बोलतात आणि आपण मात्र 'माल चांगला आहे' एवढ्यावर थांबतो. समोरच्याजवळ आकडा आणि आपल्याजवळ नुसते विशेषण असले, की भाव कोण ठरवणार हे उघड आहे. येत्या वेचणीला आपल्या गटाच्या एका तरी लॉटचा नमुना तपासायला पाठवा, आणि आलेला कागद घेऊनच बाजारात बसा.